फौजेच्या कागदावरचं नाव दुरुस्त करायचंय? आधी पडवीत बसून एवढं करा

पहिलं काम माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायचं. ते पावसाळ्यात करू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागद दमट होतात, घडीवर ओढले की फाटतात. दिवाळीनंतर, अंगण सारवून कोरडं झालं की डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बाकीची चिटोरी ऊन चढायच्या आत पडवीत मांडा. बुरशी कोरड्या फडक्याने टिपा. लॅमिनेशन करू नका, आणि चुकलेल्या अक्षरावर स्वतःच्या पेनाने काही गिरवू तर अजिबात नका. एकदा खाडाखोड दिसली की खऱ्या नोंदीवरही संशय येतो.

मग एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. एकात डिस्चार्ज बुकात काय आहे, दुसऱ्यात पीपीओत काय आहे, तिसऱ्यात आधारवर काय आहे. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव, बायकोची जन्मतारीख, मुलं, गाव. हे इंग्रजीतल्या स्पेलिंगसकट, एकेक अक्षर उतरवायचं. गावडे हे आडनाव किती प्रकारांनी लिहिता येतं ते मला त्या वहीमुळे कळलं. आमच्या घरातच तीन निघाले.

आमचा खरा घोळ आईच्या नावाचा होता. बाबा सुट्टीवर आले तेव्हा लग्न झालं, आणि युनिटला परत गेल्यावर त्यांनी पार्ट टू ऑर्डरसाठी, म्हणजे लग्न, मुलं वगैरेंची फौजेच्या दप्तरी जी नोंद होते तिच्यासाठी, तिचं माहेरचं नाव सांगितलं. इकडे सासरी तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं होतं, आणि रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे तेच चाललं. डिस्चार्ज बुकातलं नाव मी मोठ्याने वाचलं तेव्हा आई हसायला लागली. म्हणाली, "चाळीस वर्सांनी माका ह्या नावान कोणीतरी हाक मारल्यान." आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी असते, आणि ती नेमकी नवरा गेल्यावर बाहेर येते, जेव्हा फॅमिली पेन्शनसाठी 'या दोन बायका एकच' हे सिद्ध करायचं असतं. फौजी हयात असताना त्याची एक सही जे काम करते, ते नंतर दहा साक्षीदारांनी होत नाही. म्हणून घरात माजी सैनिक असेल तर बायकोचं नाव आणि जन्मतारीख या दोन ओळी आधी तपासा, बाकी मागाहून.

जन्मतारीख का, तर वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. ही वाढ फॅमिली पेन्शनलाही आहे. कागदावर बायकोची तारीखच नसेल, तर ती ऐंशीची झाली हे कुणाला कळणार? आधारवर १ जानेवारी दिसली तर समजा की बहुधा नोंदणीच्या वेळी नुसतं वय सांगितलं होतं. शाळेचा दाखला शोधून ती आधी नीट करून घ्या, पण जपून: आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख मात्र भरतीच्या वेळी लागली ती लागली, असंच धरून चाला. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांच्या जन्मसालाचा १९५० की १९५१ हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. तिथे आपल्या हवालदाराचं काय! त्याच्या बाबतीत आधारच डिस्चार्ज बुकाप्रमाणे करून घ्या. वहीतली प्रत्येक चूक अशीच पारखायची: कुठलं टोक हलवणं सोपं आहे? फौजेचा कागद हलवायचा तो नाइलाज असेल तेव्हाच.

गावाच्या पत्त्यावरून घाबरू नका. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधी भरती झालेल्या मालवण-कुडाळच्या माणसाच्या कागदावर जिल्हा रत्नागिरीच असणार. अलिबागकडच्यांच्या जुन्या कागदांवर कुलाबा असतं. ही चूक नव्हे, त्यावर प्रतिज्ञापत्राचा खर्च करू नका. अर्जात एक वाक्य लिहिलं की पुरे.

अर्ज कुठे करायचा इथे माझी फजिती झाली. पेन्शन प्रयागराजहून मंजूर होते म्हणून मी सगळी फाईल तिकडेच पाठवली, आणि ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे सैनिकाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयामार्फत या म्हणून परत आली. पेन्शनवाले नाव आपल्या मनाने बदलत नाहीत. रेकॉर्ड ऑफिसने कळवलं की मग दुरुस्तीची, म्हणजे कॉरिजेंडम पीपीओ निघते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. तिथले बहुतेक लोक स्वतः फौजेतले, मसुदा कसा हवा ते त्यांना ठाऊक असतं. जाताना मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स न्या. वाडीवरून एसटीने तालुक्याला, तिथून पुढे, आणि एका झेरॉक्ससाठी अख्खा दिवस फुकट, हे मी केलंय. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. नावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र, एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद अशी तयारी ठेवा. जाहिरातीचं अख्खं पान ठेवा, नुसतं कात्रण नको. आईसाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोघांचा एकत्र फोटोही लागला. फोटोसाठी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पदकं लावू का म्हणून विचारलं.

प्रत्येक कागदावर आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव लिहा, सुटा झाला तरी हरवत नाही. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका. स्पीड पोस्टची पावती वहीतच चिकटवा, आणि उत्तर आलं नाही तर स्मरणपत्रात त्या पावतीचा नंबर घाला. मधल्या काळात नोव्हेंबर आला तर हयातीचा दाखला चुकवू नका. दुरुस्ती चालू आहे म्हणून तो माफ होत नाही.

कॉरिजेंडम आली की लगेच बँकेत धावू नका. आधी स्पर्श पोर्टलवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी संकेतस्थळावर, नवी नोंद दिसते का ते बघा, मग पुन्हा ती तीन रकान्यांची वही उघडून एकेक अक्षर लावा. आमच्या कागदावर आईचं नाव अगदी बरोबर आलं, तारीखही. फक्त गावाच्या स्पेलिंगमधला एक एच गळाला होता. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा बघितला आणि म्हणाले, "ऱ्हवांदे."