नववीतल्या मुलांचा गट घेताना

ग्रुप थेरपीसाठी ८ च्या वर मुलं मी घेत नाही. ६ असली तर उत्तम. वय १३ ते १५, कारण बारावीतल्या मुलासमोर आठवीतला तोंड उघडत नाही. ठरलेला वार, ठरलेली खोली, सव्वा तास, १२ सत्रं; मधे नवीन कुणी नाही.

आधी प्रत्येकाला एकेकटं भेटा. पालकांची लेखी संमती घ्या, पण ‘तुला यायचंय का’ हे मुलालाच विचारा. मरणाचे विचार ताजे असतील तर गट नंतर, आधी मनोविकारतज्ज्ञ. आणि मारामारी-चोरी करणाऱ्या मुलांचाच वेगळा गट कधी करू नका. एकाने फुशारकी मारली की बाकीचे हसून दाद देतात, आणि पुढच्या वेळी तो आणखी मोठं काही करून येतो.

पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त वेळ गुप्ततेला. मी नवीन असताना ‘इथलं काहीही बाहेर जाणार नाही’ असं सरळ सांगून टाकलं होतं. चौथ्या सत्रात एक मुलगी घरातल्या माणसाबद्दल बोलली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना कळवावंच लागतं. मी कळवलं. ‘ताई, तुम्ही तर म्हणाला होतात...’ एवढंच ती म्हणाली. कळवण्याचं मला दुःख नाही, खोट्या शब्दाचं आहे. आता मी पहिल्याच दिवशी सांगते: कुणी तुम्हाला इजा करत असेल, तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला करणार असाल, तर मी गप्प बसणार नाही; मात्र कुणाला सांगणार ते आधी तुम्हाला सांगेन. मुलं त्यानंतरही बोलतात. जास्त बोलतात.

एखादा म्हणाला, ‘बाबा माझ्याशी बोलतच नाहीत’, तर उत्तर देऊ नका. ‘असं अजून कुणाकडे?’ विचारा आणि थांबा. शांतता लांबली तरी थांबा. दोन हात वर होतात, आणि त्या मुलाचे खांदे सैल पडलेले दिसतात. माझ्या दहा सल्ल्यांनी ते झालं नसतं.

हातावर ब्लेड मारल्याचं कुणी बोललं तर कसं, कुठे हे तपशील गटात येऊ देऊ नका. दुसरा ते उचलतो. ‘तेव्हा मनात काय चाललं होतं?’ एवढंच विचारा आणि सत्र संपल्यावर त्याला थांबवून घ्या.

शेवटची १० मिनिटं नवा विषय काढायचा नाही. आज घरी जाऊन काय करणार, ते प्रत्येकाने सांगायचं. तोवर मी फळ्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहिते आणि सगळ्यांना वहीत उतरवायला लावते, म्हणजे कुणाला गरज आहे ते वेगळं दिसत नाही.