नाताळसाठी लाकडी खेळणी करताय? या चुका टाळा

दसरा झाला की वसईत आमच्या पडवीत करवत सुरू होते. आम्ही पाच-सहा जण. त्यातला खरा सुतार एकच, बाकीचे हौशी. जवळच्या बालगृहातल्या आणि बालवाडीतल्या मुलांना नाताळात द्यायला गाड्या, हत्ती, ठोकळे करतो. बाजारात विकायच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पडवीतलं खेळणं मात्र कुणी तपासत नाही, आणि ते ज्या मुलाला मिळतं त्याला ते बदलूनही आणता येत नाही. म्हणून ही तपासणी आपल्यालाच करावी लागते. पहिल्या वर्षांत आम्ही जिथे जिथे चुकलो ते इथे लिहितोय.

फुकटचं लाकूड

दानाचं काम म्हटलं की लोक प्रेमाने जुनं लाकूड आणून देतात. जुन्या घराची रंगवलेली दारं-खिडक्या मात्र घेऊ नका. जुन्या तेलरंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी असते आणि रंधा मारला की तीच धूळ घरभर होते. मालाच्या पॅलेटच्या, म्हणजे माल ज्यावर रचतात त्या लाकडी चौकटीच्या, फळ्या घेण्याआधी त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीची फळी खेळण्याला नको. एचटीची असली तरी तिच्यावर तेलाचे किंवा रसायनांचे डाग असतील तर परत द्या. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) यांच्या कडा लहान मुलं चावतात, ओल्या करतात, मग त्या फुगून सुटतात.

सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वापार पांगारा वापरत आले, कारण तो हलका आणि कापायला मऊ. आम्ही वखारीतून शिवण किंवा आंबा घेतो, चाकांना सागाचे तुकडे. लाकूड कोणतंही असो, ते पूर्ण सुकलेलं हवं. पावसाळ्यात कापलेली फळी ऑक्टोबरात वरून कोरडी वाटते, पण डिसेंबरच्या हवेत आकसते आणि सांधे उघडतात.

चाक फिरत नाही, किंवा निघून येतं

आमच्याकडे सगळ्यात जास्त दुरुस्त्या चाकांच्याच. चाक खिळ्याने किंवा स्क्रूने ठोकू नका. तो आज घट्ट असतो, महिन्याभराने ढिला होतो आणि मग टोकदार खिळा मुलाच्या हातात येतो. लाकडी दांडी वापरा. दांडी १० मिमीची असेल तर गाडीच्या अंगातलं भोक ११ ते ११.५ मिमी ठेवा, चाकातलं मात्र घट्ट. डिंक फक्त चाकाच्या भोकात, तोही थेंबभर. आम्ही एकदा हौसेने भरपूर फेव्हिकॉल ओतला, तो दांडीवरून आत ओघळला आणि आठ गाड्या जागीच चिकटल्या. आता चाक बसवण्याआधी दांडीच्या मधल्या भागावर मेणबत्ती घासतो. त्याने चाक हलकं फिरतं आणि चुकून आलेला डिंकही सहसा धरत नाही. टोकांना मेण लागू देऊ नका, नाहीतर तिथेच डिंक धरणार नाही.

घोड्या-हत्तींचे पाय मोडत असतील तर लाकडाच्या रेषा बघा. पायात रेषा उभ्याच हव्यात. आडव्या असल्या की पहिल्याच आपटण्यात तुकडा पडतो. तयार खेळणं कमरेएवढ्या उंचीवरून लादीवर दहा वेळा टाकून बघा. जीव कळवळतो, पण मुलं याहून जोरात आपटतात.

नारळाचं तेल आणि इतर पॉलिश

‘नैसर्गिक’ म्हणून आम्ही एका वर्षी खोबरेल लावलं. ते वाळतच नाही. खेळणी चिकट झाली, धूळ धरली आणि काही दिवसांत खवट वास आला. सगळी पुन्हा घासावी लागली. आता कच्चं जवसाचं तेल पातळ हाताने लावतो, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून काढतो, शेवटी मधमाश्यांचं मेण. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल नको; ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं तेल वाळायला काही आठवडे घेतं, म्हणून पॉलिशचं काम नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायलाच हवं. अर्धवट वाळलेलं खेळणं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर उघडताना कागद चिकटतो आणि उग्र वास येतो.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात कधीच टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर दोरीवर सुटी पसरून वाळवा.

तेलाआधी लाकूड ओल्या फडक्याने पुसा. वाळल्यावर हात फिरवलात तर बारीक कुसळं उभी राहिलेली लागतील. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती काढा. ही एक पायरी गाळली तर मुलाने चोखल्यावर तेच लाकूड खरखरीत होतं.

वय न विचारता केलेली खेळणी

आधी बालगृहाच्या सिस्टरना फोन करून मुलं किती, कोणत्या वयाची, हे विचारा. तीन वर्षांखालच्यांसाठी खेळण्याचा कोणताही भाग सुमारे ३२ मिमी रुंदीच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. खेळण्यांच्या आयएसआय मानकातली चाचणीही जवळपास हीच आहे. डोळ्यांना मणी नको, भोक पाडा. ओढायची दोरी वीतभराहून लांब नको, ती गळ्यात अडकते.

आणि मोजून करा. एकाला ट्रक, दुसऱ्याला ठोकळे, असं झालं की खेळण्यापेक्षा भांडण मोठं होतं. एका वयोगटाला एकच खेळणं, वर चार जादा, कारण डिसेंबरात एखादं मूल नव्याने आलेलं असतं.

बालगृहात मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तिथल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. फोटो हवाच असेल तर खेळण्यांचा पडवीतच काढून घ्या.

जानेवारीत एक फेरी दुरुस्तीची ठेवा. डिंकाची बाटली, दोन हात दांडी, चारपाच जादा चाकं आणि पॉलिश पेपर एवढं पिशवीत पुरतं. कोणतं चाक का निघालं हे तिथेच बसून वहीत लिहून घ्या, पुढच्या दसऱ्याला पहिलं पान तेच उघडायचं असतं.