ख्रिस्ती चित्रांतले कपड्यांचे रंग बघताना या चुका टाळा

नेटवर ते चार्ट फिरत असतात ना, निळा म्हणजे येशूची आई मरिया, लाल म्हणजे बलिदान, पिवळा म्हणजे विश्वासघात, ते पाठ करून चित्र बघायला गेलात तर हमखास फसाल. पिवळ्याचंच घ्या. इटलीत पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने 1305च्या आसपास यहूदाचं चुंबन रंगवलंय, म्हणजे दगाबाज शिष्य यहूदा चुंबन घेऊन येशूला पकडून देतो तो प्रसंग, त्यात यहूदाच्या पिवळ्या झग्यात येशू जवळजवळ झाकूनच जातो, आणि तो रंग खरंच अंगावर येतो. पण पिवळा दिसला की यहूदा असं नसतं हो, येशूचा दुसरा शिष्य संत पेत्र, त्याचा ठरलेला वेशच निळा अंगरखा आणि वर पिवळसर-केशरी शाल असा आहे. फ्लोरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये मासाच्चो या चित्रकाराचं कराच्या नाण्याचं चित्र आहे (करासाठी माशाच्या तोंडातून नाणं मिळतं ती कथा), त्यात पेत्र एकाच भिंतीवर तीनदा येतो, मधोमध येशूजवळ, डावीकडे तळ्याकाठी मासा धरून, उजवीकडे कर भरताना, आणि त्याला शोधायला हा वेशच उपयोगी पडतो. उलट लिओनार्दोच्या ‘शेवटचं भोजन’ या चित्रात यहूदा निळ्या-हिरव्यात बसलाय! तिथे रंग सोडा, हातातली पैशांची थैली बघा.

दुसरी चूक म्हणजे आतलं वस्त्र कुठलं आणि वरचं कुठलं हे न बघणं. बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेच्या आयकॉन्समध्ये (पूजेच्या चित्रांमध्ये) साधारणपणे येशूला आत लालसर-जांभळं आणि वर निळं असतं, मरियेला बरोबर उलटं, आत निळं आणि वर गडद किरमिजी. याचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ असा की लाल दैवी, निळा मानवी, म्हणजे देवाने मानवपण पांघरलं आणि मानव असलेल्या मरियेला दैवी कृपेने वेढलं. मला हे फार सुंदर वाटतं, पण हाच अर्थ उचलून इटालियन चित्राला चिकटवू नका, तिथे मरियेची निळी शाल वरच असते.

आणि त्या निळ्याचा अर्थ शोधताना पैसा विसरू नका. अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून बनायचा, गिर्लांदायो या चित्रकाराच्या 1485च्या करारात तर औंसाला साधारण 4 फ्लोरिनवाला (फ्लोरिन म्हणजे फ्लोरेन्सचं सोन्याचं नाणं) निळा वापरायचा असं चक्क लिहून घेतलंय. इतका महाग रंग मरियेला देणं हाच तिचा मान होता.

अजून एक, आज दिसतो तोच मूळ रंग असं धरून चालू नका. व्हार्निश पिवळं पडलं की निळा हिरवट दिसतो, लाल लेक रंग (वनस्पती-किड्यांपासून काढलेले) उजेडाने फिके होतात, आणि भिंतीवर अझुराईट हा दुसरा निळा रंग बरेचदा प्लास्टर सुकल्यावर लावायचे त्यामुळे त्याचे पोपडे निघून जातात. मरिया काळपट किंवा करड्या कपड्यात दिसली की लगेच शोक वगैरे म्हणू नका, आधी म्युझियमच्या साईटवर रिस्टोरेशनच्या आधीचे-नंतरचे फोटो मिळतायत का बघा, शिवाय फोटो झूम करून घड्यांच्या खाचांत निळ्याचे कण उरलेत का तेही तपासा.