भिंतीतून नेटवर्कची केबल ओढताना

इंटरनेटच्या फायबरचा डबा दाराशी, कामाचं टेबल शेवटच्या बेडरूममध्ये, आणि मधे विटांच्या तीन भिंती नि एखादा आरसीसी कॉलम. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटची हीच कथा, आणि वायफाय टेबलापर्यंत धड पोचत नाही. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रिपीटर लाव’. रिपीटर बिचारा आधीच दमलेला सिग्नल झेलतो आणि त्याच रेडिओवरून पुढे फेकतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. मेशचे (घरभर ठेवायचे, एकच वायफाय पसरवणारे) महागडे डबेसुद्धा एकमेकांशी वायफायवरच बोलणार असतील तर भिंती त्याच राहतात. एक केबल ओढा आणि मोकळे व्हा. मी आतापर्यंत स्वतःच्या, सासऱ्यांच्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच घरांत हे काम केलंय. त्यातला नव्वद टक्के भाग कुणीही करू शकतो. उरलेला दहा टक्के भाग म्हणजे केबलची दोन टोकं, आणि सगळी रड तिथेच असते.

केबल कॅट ६ घ्या (‘कॅट’ म्हणजे नेटवर्क केबलची प्रत). कॅट ७ किंवा कॅट ८ घ्या म्हणणाऱ्याला तुमच्या खिशाची काळजी नाही. साधी कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते आणि तुमचं घर काही १०० मीटर लांब नाही. ३०५ मीटरचा अख्खा खोका लागत नाही, मीटरवर कापून मिळते. मात्र विकत घेण्याआधी एक गोष्ट दुकानातच करा. आतली एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आतपर्यंत तांबूस दिसली तर तांबं. खाली पांढरट चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे सीसीए. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, सगळे हेच नेतात.’ नेऊ देत. ती तार दोनदा वाकवली की तुटते, आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापतेही जास्त.

आता पाइप. २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपातून नेटवर्कची केबल घालायची नाही. ‘जागा आहे की, घालू त्यातच’ असं इलेक्ट्रिशियन म्हणाला तरी नाही. इथे प्रश्न सिग्नल बिघडण्याचा कमी आणि जिवाचा जास्त आहे. त्याऐवजी टीव्हीच्या केबलचा किंवा लँडलाइनचा जुना पाइप शोधा. बऱ्याच इमारतींत तो असतोच आणि आत एक मेलेली काळी को-अ‍ॅक्स, म्हणजे टीव्हीची केबल, पडलेली असते. ती उपटून फेकू नका, तीच तुमची ओढदोरी. तिच्या टोकाला नवी केबल आणि एक नायलॉनची सुतळी असं दोन्ही बांधा, वरून चिकटपट्टी गच्च आणि निमुळती गुंडाळा, म्हणजे वळणावर गाठ अडकणार नाही. एकाने इकडून ढकलायचं, दुसऱ्याने तिकडून ओढायचं. अडली तर केबलला थोडी टाल्कम पावडर चोळा, पण जोर लावू नका. कॅट ६ केबलला ओढण्याची मर्यादा ११० न्यूटनची, म्हणजे ढोबळ मानाने ११ किलो वजन लटकवल्याइतकी. त्यापुढे आतले पीळ ताणले जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सुतळी पाइपात तशीच राहू द्या, पुढच्या केबलला कामी येईल. को-अ‍ॅक्स जागची हलतच नसेल तर मात्र पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, उगाच मर्दुमकी नको.

दोन्ही टोकांना वीतभर जास्तीची केबल सोडा.

आता टोकांकडे येऊ. इथे मी स्वतः दोन रविवार आणि एका नव्या राउटरचे पैसे घालवलेत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येक रंगाची जोडीदार म्हणजे त्याच रंगाची रेघ असलेली पांढरी तार. डोंबिवलीच्या घरी पहिल्यांदा प्लग लावला तेव्हा मी विचार केला की जोड्या आहेत तर ओळीने लावून टाकू. नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखं. केबल टेस्टर (दोन टोकांना लावायचं, आठ दिव्यांचं यंत्र) लावला. एक ते आठ दिवे क्रमाने लागले. मी खूश. आणि मग लॅपटॉपवर नेट येतंय, जातंय, मधेच १ गिगाबिट दाखवतंय, मधेच तुटतंय. राउटर बदलला, तरी तेच. शेवटी ऑफिसांमध्ये केबलिंग करणारा एक जण घरी आला होता, त्याने प्लग उजेडासमोर धरला आणि म्हणाला, “अरे, जोड्या फोडल्यास की तू.”

झालं होतं असं. एकेका जोडीतल्या दोन तारांवरून एकमेकांच्या उलटा सिग्नल जातो आणि पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडून वजा होतो. म्हणून जोडी फुटता कामा नये. पण आरजे-४५ प्लगमध्ये, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाच्या नेहमीच्या प्लगमध्ये, जोड्यांच्या जागा १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा नसतातच. त्या असतात १-२, ३-६, ४-५, ७-८. मधली ४-५ ही जागा टेलिफोनच्या जुन्या जोडणीशी जुळावी म्हणून राखलेली, आणि तिच्या दोन बाजूंना ३ आणि ६ तंगड्या फाकून बसलेले. मी ओळीने लावल्यामुळे ३ वर हिरव्या जोडीतली तार आली आणि ६ वर निळ्या जोडीतली. दोघींचे पीळ वेगवेगळे, मग गोंगाट वजा कसा होणार? आणि टेस्टर काय बघतो? या टोकाची तीन नंबरची तार त्या टोकाला तीनवरच पोचते का, एवढंच. ती पोचत होती. दिवे लागत होते. टेस्टर खोटं बोलत नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

मला कीबोर्ड जुळवायचाही नाद आहे. त्यात स्टॅबिलायझरला, म्हणजे लांब कळ तोलून धरणाऱ्या तारेला, ग्रीस नीट लागलं नाही तर स्पेसबार पहिल्याच ठोक्याला खडखडतो, चूक लपत नाही. केबलमधली फुटलेली जोडी मात्र सहा महिने शांत बसते आणि तुम्ही इंटरनेटवाल्या कंपनीला शिव्या घालत राहता.

तर क्रम हा, टी५६८बी नावाचा, दोन्ही टोकांना हाच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची खिट्टी तुमच्या विरुद्ध बाजूला, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे आणि केबल खालून येतेय असं धरलं की डावीकडून हा क्रम. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी घुसलेली दिसली तर बरोबर.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं ठाम मत: भिंतीतल्या केबलला प्लग लावूच नका. भिंतीतली केबल एकसंध तारेची, कडक असते. प्लग लावून ती लॅपटॉपमागे रोज हलू दिली की एखादी तार महिनाभरात तुटते. तिला भिंतीतच कीस्टोन जॅकवर, म्हणजे प्लेटमध्ये बसणाऱ्या नेटवर्कच्या सॉकेटवर, बसवा (बाजारात याला आयओ म्हणतात, मॉड्युलर स्विचबोर्डाच्या मापातही मिळतो) आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली मऊ छोटी केबल, विकत आणून लावा. पॅच कॉर्ड घरी बनवण्यात बचत काही नाही, हौस आहे.

जॅक बसवताना तीन गोष्टी. पहिली, वर दिलेला क्रम इथे विसरा आणि जॅकच्या बाजूला छापलेले ‘बी’चे रंग बघा. जॅकच्या आत जोडण्या फिरवलेल्या असतात, त्यामुळे रंगांची मांडणी प्लगसारखी दिसत नाही आणि ते बरोबरच आहे. दुसरी, पीळ जेमतेम १३ मिलिमीटरपर्यंतच सोडायचे, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडं जास्त. टापटीप दिसावं म्हणून दोन इंच तारा सरळ करणारे कारागीर मी पाहिलेत. त्यांचं काम फोटोत छान दिसतं. बाहेरचं आवरणही जॅकच्या अगदी जवळपर्यंत येऊ द्या. तिसरी, पंच-डाउन टूलची (तार जॅकच्या दातांत दाबून उरलेलं टोक कापणारं हत्यार) धार असलेली बाजू बाहेरच्या दिशेला. मी एकदा उलटं धरलं आणि जी तार ठेवायची तीच कापली. टूल नसेल तर स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवू नका, जॅकचे दात फाकतात आणि पकड ढिली राहते. उसनं आणा, पण आणा.

आवरण सोलताना आतल्या तारेला ब्लेड लागलंय असा नुसता संशय आला तरी ते टोक कापून टाका. वीतभर केबल त्यासाठीच सोडली होती.

मागे सासऱ्यांच्या घरी काम करणारा इलेक्ट्रिशियन माझ्यावर जाम वैतागला होता. “साहेब, आठच्या आठ दिवे लागतात की! अजून काय बघताय?” मी बघत होतो ते हे. लॅपटॉप केबलने जोडायचा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघायचा. तिथे १०००, म्हणजे १ गिगाबिट, दिसलं पाहिजे. १०० दिसलं तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसलेली नाही, हे जवळपास नक्की. १०० ला १, २, ३, ६ एवढ्या चारच तारा पुरतात, म्हणून बहुतेक उपकरणं तक्रार न करता गुपचूप खाली उतरतात. ४० एमबीपीएसचा प्लॅन असलेल्याला हे कधी कळतही नाही. १००० दिसल्यावरही तिथे थांबू नका. दोन लॅपटॉप दोन टोकांना लावून आयपर्फ३ (दोन कॉम्प्युटरमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) अर्धा तास चालवा. आकडा ९४० एमबीपीएसच्या आसपास स्थिर राहिला तर टोकं चांगली बसली. तो नाचत असेल तर जॅक उघडा आणि जोड्या बघा.

पुढचं सोपं. बेडरूममधला दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायवर देईल, वायफायचं नाव आणि पासवर्ड हॉलमधलाच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला दोन्हींना १, ६, ११ यांतले वेगवेगळे चॅनल द्या. फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस.

बंगल्यातून अंगणापलीकडच्या खोलीत किंवा गच्चीवरून शेजारच्या इमारतीत न्यायचं असेल तर मात्र तांब्याची केबल नको. वळवाच्या पहिल्या पावसात जवळपास कुठे वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. तिथे फायबरच टाका.

दोन्ही टोकांवर खोलीचं नाव पेनाने लिहा, आणि प्लेटचे स्क्रू आयपर्फची अर्धा तास परीक्षा झाल्यावरच आवळा. सासऱ्यांकडे इलेक्ट्रिशियनने घाईने ते आधीच आवळले होते, आणि वर पुट्टीही मारली होती. ती खरवडायला मलाच बसावं लागलं.