आपत्तीनंतर मुलांसोबत भिंत रंगवताय? या चुका टाळा

पूर, भूकंप किंवा वादळ येऊन गेलं की काही आठवड्यांत कुणीतरी सुचवतंच, मुलांना घेऊन एखादी मोठी भिंत रंगवू या. सूचना चांगली आहे. पण हा उपक्रम फसतो तेव्हा बहुतेक वेळा रंग किंवा ब्रश कमी पडलेले नसतात. मुलांच्या हातात ब्रश असतो आणि निर्णय मात्र सगळे मोठ्यांनी घेतलेले असतात.

आपत्तीत मुलं घर गमावतात, वस्तू गमावतात, कधी माणसं गमावतात. त्यासोबत आपल्या म्हणण्यानं काही घडतं हा भरवसाही जातो. कुठे झोपायचं, कधी जेवायचं, शाळा कधी भरणार, सगळं दुसरेच ठरवत असतात. अशा दिवसांत भिंतीवर कुठला रंग कुठे लागेल हे आपण ठरवणं ही मुलासाठी मोठी गोष्ट असते. म्हणून पुढच्या सगळ्या चुकांकडे मी एकाच प्रश्नातून बघतो. यात मुलाचं म्हणणं चाललं का?

फार लवकर भिंतीला हात घालणं

कुटुंबं अजून पाण्याच्या, औषधांच्या आणि कागदपत्रांच्या रांगेत उभी असताना मोठा उपक्रम लादू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: बघा, ऐका आणि लागेल त्या मदतीशी जोडून द्या. सुरुवातीच्या दिवसांत तेवढंच करायचं असतं. मुलांना कागद, खडू आणि निवांत कोपरा मिळाला तरी पुष्कळ झालं.

भिंतीची वेळ आली हे ओळखायची माझी खूण साधी आहे. मुलं रोज साधारण त्याच वेळी, त्याच जागी जमू लागली आहेत का? मग ती शाळा असो की तंबूत भरणारा वर्ग. आज खूप मुलं, उद्या दोन-तीन, परवा सगळी नवीनच, असं होत असेल तर भिंत थांबवा. मुलांना रस नाही असा निष्कर्ष काढू नका. घरच्यांची धावपळ अजून संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोवर प्रत्येक मुलाला एका बैठकीत पूर्ण होईल असा कापडाचा किंवा प्लायचा तुकडा द्यावा. हे तुकडे पुढे मोठ्या चित्रात बसवता येतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९८४ पासून चालत आलेल्या सार्वजनिक भित्तिचित्रांच्या उपक्रमात तर पातळ कापडावर चित्र रंगवून मग ते भिंतीला चिकटवण्याची पद्धत सर्रास वापरतात. जे मूल भिंतीपर्यंत येऊ शकत नाही, त्याचाही हात अशा रीतीनं चित्राला लागतो.

"त्या दिवशी काय झालं ते काढा"

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती भल्या हेतूनं होते म्हणून जास्त त्रासदायक. मनातलं बाहेर आलं की मन हलकं होतं, असा आपला समज असतो. पण घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत माणसाला सगळं सांगायला लावण्याची पद्धत उपयोगी पडत नाही, हे आता मान्य झालेलं आहे. आपत्तीतल्या मानसिक आधाराबद्दल २००७ साली निघालेली आंतरसंस्था स्थायी समितीची (संयुक्त राष्ट्रं आणि इतर मदतसंस्थांची ही एकत्र समिती) मार्गदर्शक तत्त्वंही अशी एकवेळची उजळणी टाळायला सांगतात. मुलांच्या बाबतीत तर ती आणखी टाळावी. सगळ्यांसमोर, भिंतीवर, मोठ्या आकारात आपली भीती काढायला लावणं म्हणजे मुलाला उघडं पाडणं.

याच्या उलट टोकाची चूक तितकीच पाहायला मिळते. "वाईट काही काढायचं नाही हं, फक्त छान छान." मग भिंतभर सूर्य, इंद्रधनुष्य आणि हसरे चेहरे येतात. ज्या मुलाला पाणी काढायचं होतं, त्याला कळतं की इथे ते चालत नाही.

एका भिंतीपाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी घर काढत होती. छप्पर, दार, दोन खिडक्या. मग तिनं तपकिरी रंगात ब्रश बुडवला आणि खालून सुरुवात केली. आधी उंबरा गेला, मग अर्धं दार, मग खिडक्या, शेवटी छप्पर. शेजारच्या स्वयंसेविकेच्या अगदी ओठांवर आलं होतं, "अगं, किती छान होतं ते!" ती बोलली नाही. शेजारी खाली बसली आणि थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "घर झाकलंस." मुलगी म्हणाली, "हो. आता ते सुकू दे." दुसऱ्या दिवशी ती त्या तपकिरीकडे फिरकलीसुद्धा नाही, दुसऱ्या टोकाला मांजर काढत बसली. त्या तपकिरीचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती.

स्वयंसेविकेनं केलं ते शिकण्यासारखं आहे. दिसतंय ते साध्या शब्दांत सांगायचं आणि थांबायचं. "हे काय आहे?" असं विचारण्यापेक्षा "इथे खूप निळा आहे" असं म्हटलं तर मुलाला बोलायची वाट मोकळी राहते आणि गप्प राहायचीही. रंगांवरून निदान करत बसू नका. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असले ठोकताळे उपयोगाचे नाहीत. कधी कधी काळ्या रंगाचा डबा हाताशी असतो, एवढंच कारण असतं.

विषय ठरवायचाच असेल तर मोकळा प्रश्न द्या. "या भिंतीवर कोण कोण राहावं?" किंवा "तुम्हाला इथे रोज काय दिसायला हवं?" अमेरिकेतल्या जॉप्लिन शहराला २२ मे २०११ रोजी टोर्नेडोनं उद्ध्वस्त केलं. तिथली मुलं फुलपाखरांसारखे पंख असलेल्या माणसांच्या गोष्टी सांगू लागली, त्यांनी आपल्याला वाचवलं असं म्हणू लागली. नंतर झालेल्या सामूहिक भित्तिचित्रात ती फुलपाखरं आली. कुणा मोठ्या माणसाला टेबलापाशी बसून हा विषय सुचला नसता.

अडचण आली तर काय करायचं? रंगवताना मूल रडू लागलं तर त्याला गर्दीतून थोडं बाजूला न्या, पाणी द्या, शेजारी बसा. "रडू नकोस" म्हणू नका. काही न करता नुसतं बसलेलं मूलही उपक्रमात आहे असं धरा आणि त्याला ब्रश धुण्याचं किंवा रंग ढवळण्याचं काम विचारून बघा. तेच चित्र पुन्हा पुन्हा काढणारी मुलं असतात. त्या काढण्यात हळूहळू काही बदलत असेल, नवी माणसं किंवा नव्या वाटा येत असतील, तर काढू द्या. पण चित्र तसंच राहतं, काढून झाल्यावर मूल अधिकच घाबरं होतं आणि महिना उलटला तरी झोप, जेवण किंवा बोलणं ताळ्यावर येत नाही, असं असेल तर पालकांशी बोलून तज्ज्ञाची मदत मिळवून द्या. असा माणूस कोण आणि कुठे आहे, हे पहिला रंग उघडण्याआधी माहीत असायला हवं. भिंत रंगवणं हा उपचार नाही, आणि तसं पालकांना सांगूही नये.

भिंतीची तपासणी न करणं

१८ जून २०१८ रोजी जपानमध्ये ओसाकाच्या उत्तर भागाला भूकंपाचा धक्का बसला. एका शाळेच्या पोहण्याच्या तलावाभोवतीची काँक्रीटच्या ब्लॉकची भिंत रस्त्यावर कोसळली आणि शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी तिच्याखाली दगावली. त्या भिंतीवर रंगीत चित्रं होती. चित्र काढलं की भिंत आपली वाटू लागते आणि मुलं तिच्याजवळ खेळू लागतात, म्हणून ही तपासणी कुणाच्या अंदाजावर सोडू नका. मागे छप्पर किंवा आडवी भिंत नसलेली एकटी कुंपणभिंत, आरपार चीर गेलेली किंवा कललेली भिंत नकोच. अभियंत्याकडून लेखी होकार घ्या. भूकंपानंतर धक्के चालू असतील तर भिंत सोडून कापडावर काम करा.

भिंत मजबूत असली तरी ओली असू शकते, आणि पुरानंतर ती ओलीच असते. वरून कोरडी दिसते, आत पाणी मुरलेलं असतं. अशा भिंतीवर रंग दिला की काही आठवड्यांत पांढरे क्षार फुटतात, फुगे येतात आणि पोपडे निघू लागतात. मोठ्यांना हा रंगकामाचा दोष वाटतो. मुलाच्या लेखी मात्र त्यानं केलेली आणखी एक गोष्ट गेलेली असते.

तपासायची रीत सोपी आहे. हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंत गडद दिसली, तर अजून थांबायचं आहे. ही चाचणी खालच्या भागात, जिथवर पाणी चढलं होतं तिथे, आणि वर, अशी दोन्हीकडे करा. मुलांनाही यात घ्या. रोज प्लास्टिक उघडून बघायचं काम त्यांना फार आवडतं आणि थांबण्याचं कारण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

क्षार फुटले असतील तर ते धुऊ नका, पाण्याबरोबर ते परत आत जातात. आधी कोरड्या ब्रशनं झाडा, ओल कुठून येते ते शोधा आणि ती बंद करा. नवं सिमेंटचं प्लास्टर असेल तर साधारण २८ दिवस जाऊ द्या; ताज्या प्लास्टरमधला अल्कलीपणा रंग खातो. मग अल्कली सोसणारा प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रेलिक रंग लावा. पोस्टर कलर पहिल्याच पावसात वाहून जातो. पोपडे निघालेच, तर त्यांच्यावर पुन्हा रंग फासू नका. सुटलेला भाग खरवडून, वाळवून, प्रायमर देऊन मगच तिथे हात लावा आणि ज्या मुलाचं चित्र तिथे होतं, त्यालाच विचारा की तेच परत हवं की नवीन.

जुना रंग खरवडताना मुलं जवळ नकोत. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. नवा रंग घेताना शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा कमी असल्याची खात्री डब्यावर करून घ्या. टर्पेंटाइन लागणारे रंग मुलांच्या कामात आणूच नका.

रात्री येऊन चित्र "नीट" करणं

मुलं घरी गेली की एखादा हौशी चित्रकार वाकड्या रेषा सरळ करतो, हिरवं आकाश निळं करतो, रंगाचे ओघळ पुसतो. सकाळी मुलं येतात आणि आपली रेषा शोधत राहतात. हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. घर, गाव, शाळा त्यांना न विचारता बदललं, आता चित्रही बदललं.

चित्रकाराला काम हवंच असेल तर ते आधी द्या. त्यानं मुलांच्या छोट्या कागदी चित्रांवर चौकोन आखावेत, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन आखावेत आणि एकेका चौकोनातली रेषा मुलांकडूनच खडूनं उतरवून घ्यावी. एकसंधपणा हवा असेल तर तो पार्श्वभूमीत आणा. चार-पाच रंग मुलांसोबत ठरवा, मागचा भाग मोठ्यांनी रोलरनं आधी भरून ठेवा. दुरुस्ती गरजेची वाटली तर एकच नियम पाळा: ज्याचं चित्र, त्याच्या समोर, त्याच्या होकारानं.

दोन मुलांची भांडणं होतील, एकाच्या चित्रावर दुसऱ्याचा ब्रश जाईल. लगेच पंच बनू नका. "आता या जागेचं काय करायचं?" असं दोघांना विचारा. बहुतेक वेळा त्यांना वाट सापडते.

शिडी, गर्दी, पाहुणे

मुलांचा पट्टा त्यांचा हात पोहोचतो तिथवर. वरचा भाग मोठ्यांनी करावा. मूल शिडीवर किंवा परांचीवर चढणार नाही, याला अपवाद नाही. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं आणि लहान मुलांची बैठक पाऊण तासाच्या पुढे नेऊ नये. मोठ्यांतलं कुणीही मुलासोबत एकटं, नजरेआड राहू नये. ओला राडारोडा असलेल्या जागी पायात बूट हवेत, काम संपल्यावर साबणानं हात धुवायचे.

उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करू नका. तारीख ठरली की भिंतीवर घाई चढते आणि मुलं मजूर होतात. देणगीदाराचं नाव, बोधचिन्ह किंवा घोषवाक्य चित्राच्या आत नको, बाजूला छोट्या पाटीवर ठेवा. फोटोसाठी पालकांचा लेखी होकार घ्या आणि मुलालाही विचारा. त्यानं "नको" म्हटलं तर पालकांची सही असली तरी फोटो काढायचा नाही. रडणाऱ्या मुलाचा फोटो कुठेही देऊ नका. गेलेल्या माणसांची नावं किंवा चेहरे भिंतीवर घ्यायचे असतील तर त्या त्या घरच्यांना आधी भेटा. एखादं घर नको म्हणालं तर ते नाव येणार नाही. दुसऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांना पुन्हा विचारायला जाऊ नका.

भिंत झाली आणि सगळे निघून गेले

स्वयंसेवक महिनाभर रोज येतात, मुलांना त्यांची सवय होते आणि एक दिवस ते दिसेनासे होतात. आधीच खूप गमावलेल्या मुलांना असा अचानक निरोप देऊ नका. पहिल्याच दिवशी सांगा की आपण अमुक दिवसांपर्यंत आहोत, मधे आठवण करून द्या आणि शेवटचा दिवस फक्त निरोपासाठी ठेवा. शक्यतो सुरुवातीपासून तिथल्याच शिक्षकांना किंवा पालकांना सोबत घ्या, म्हणजे भिंतीचं पुढचं काम त्यांच्या हाती राहतं. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यांत, नाव आणि रंगाचा क्रमांक लिहून त्यांच्याकडेच द्या. आपत्तीला वर्ष होतं तेव्हा मुलं पुन्हा अस्वस्थ होऊ शकतात. त्या सुमारास एखादा दिवस भिंतीची डागडुजी ठेवली तर त्यांना एकत्र यायला निमित्त मिळतं.

पुनर्बांधणीत ती भिंत पाडली जाण्याची शक्यता असेल, तर हे मुलांना रंगवायच्या आधीच सांगा. बरीच मुलं तरीही रंगवायला तयार होतात. काही जण कापडावरच काढायचं ठरवतात, तेही ठीक. पाडायची तारीख कळली की मुलांना आधी बोलवा, प्रत्येकाला त्याच्या भागाचा छापील फोटो द्या आणि भिंतीचा एखादा तुकडा ठेवायचा का, ठेवायचा तर कुठे, हे त्यांनाच ठरवू द्या.