माल कधी मागवायचा? सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि रीऑर्डर लेव्हल

समजा, एका किराणा दुकानात १ लिटर तेलाच्या पिशव्या रोज सरासरी ४१ खपतात आणि ऑर्डर दिल्यापासून माल यायला ४ दिवस लागतात (हा लीड टाइम). म्हणजे १६४ पिशव्या उरल्या की ऑर्डर द्यायची, हीच रीऑर्डर लेव्हल, असं उत्तर बीकॉम-बीबीएच्या प्रोजेक्टमध्ये हमखास सापडतं. गणित बरोबर, निर्णय चूक. खप सरासरीच्या जितका वर जातो तितकाच खाली येतो असं धरलं, तर साधारण दर दुसऱ्या खेपेला माल येण्याआधीच तेल संपेल. सरासरीला चढउताराची जोड द्यावी लागते.

१० दिवसांचा खप घेऊ: ४२, ३८, ४५, ४०, ३६, ४४, ३९, ४१, ३७, ४८. बेरीज ४१०, सरासरी ४१. आता प्रत्येक आकड्यातून ४१ वजा करा: १, −३, ४, −१, −५, ३, −२, ०, −४, ७. यांची बेरीज शून्यच यायला हवी. आली नाही तर तिथेच थांबा आणि सरासरी पुन्हा तपासा. फरकांच्या वर्गांची बेरीज १३०. तिला १० ने नाही, ९ ने भागा, कारण सरासरी याच आकड्यांतून काढली आहे. नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो, तो स्वतंत्र राहत नाही. १४.४४ आले, वर्गमूळ ३.८०. हेच स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रोजचा खप सरासरीच्या साधारण किती वर-खाली होतो याचं माप.

एक्सेलमध्ये यासाठी एसटीडीईव्ही.एस (STDEV.S) वापरा. एसटीडीईव्ही.पी (STDEV.P) १० ने भागतं आणि ३.६१ देतं. शिवाय एखादा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला असेल, तर सरासरीचं सूत्र काही न सांगता त्याला वगळतं. असा आकडा बहुधा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो. रिकामा सेलही वगळला जातो, पण शून्य मोजलं जातं. दुकान बंद होतं त्या दिवशी ० लिहिलं की सरासरी उगाच खाली येते.

दोन गोष्टी आकडे भरण्याआधीच विचारा. दुपारीच माल संपला असा एखादा दिवस होता का? त्या दिवशीचे ३६ म्हणजे मागणी नव्हे, दुकानात होतं तेवढं विकलं गेलं. असा दिवस हिशेबातून काढा. दुसरं, सणाची गर्दी. शेवटचा आकडा ४८ ऐवजी १४८ असता तर सरासरी ५१ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ३४.२ झालं असतं. मीडियन (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) मात्र ४०.५ च्या ४०.५ वरच राहिला असता. सरासरी आणि मीडियन इतके दूर गेले की आधी वही उघडा. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा; दिवाळीचा आठवडा असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडा.

आता राखीव साठा, म्हणजे चढउतारासाठी १६४ च्या वर ठेवायच्या जास्तीच्या पिशव्या. इथे घसरतात ते बहुतेक एकाच जागी: ३.८० ला थेट ४ ने गुणतात. एका दिवसाच्या खपाचा दुसऱ्या दिवसाच्या खपाशी संबंध नसेल, तर बेरीज स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गांची होते, थेट स्टँडर्ड डेव्हिएशनची नाही. १४.४४ × ४ = ५७.८, वर्गमूळ ७.६. (४ ने गुणलं असतं तर १५.२, म्हणजे बरोबर दुप्पट.) १०० पैकी ९५ खेपांना माल पुरावा असं हवं असेल तर ७.६ ला १.६५ ने (नॉर्मल वितरणाच्या तक्त्यातला ९५ टक्क्यांचा आकडा) गुणा: १२.५, म्हणजे १३ पिशव्या. रीऑर्डर लेव्हल १६४ + १३ = १७७. ९९ खेपांची खात्री हवी असेल तर १.६५ च्या जागी २.३३ घ्या.

पण हे ४ दिवस ठरलेलेच असतात, असं आपण गृहीत धरलं. वितरकाचा माल कधी ३ दिवसांत, कधी ५ किंवा ६ दिवसांत येत असेल आणि त्या दिवसांचं स्टँडर्ड डेव्हिएशन १ असेल, तर ५७.८ मध्ये ४१ चा वर्ग, म्हणजे १६८१ मिळवावा लागतो. बेरीज १७३८.८, वर्गमूळ ४१.७, राखीव साठा ६९ पिशव्या, रीऑर्डर लेव्हल २३३. गिऱ्हाइकांच्या चढउतारासाठी १३ पिशव्या पुरत होत्या; वितरकाच्या एका दिवसाच्या ढिलाईने त्या पाचपटीहून जास्त झाल्या. प्रोजेक्टमध्ये खपाचे रकाने पानंच्या पानं असतात आणि लीड टाइमच्या जागी ‘४ दिवस’ एवढंच. दुकानदाराच्या वहीतून ऑर्डर दिल्याची तारीख आणि बिलावरून माल आल्याची तारीख अशा १५-२० जोड्या उतरवून घ्या.

दुकान रविवारी बंद असेल तर लीड टाइमही दुकान उघडं असलेल्या दिवसांतच मोजा. शुक्रवारी ऑर्डर दिली आणि मंगळवारी माल आला, तर ते ४ नव्हे, ३ दिवस.