चौदा नावं खोडल्यावर उरलेली यादी

“दोन्हीपैकी एक नाही जमलं तर दुसरं, असं असतं का ते?” एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकीची आणि संशोधनाची अशा दोन्ही पदव्या, हा शब्द घरात पहिल्यांदा काढला तेव्हा आईने विचारलं होतं. मामा म्हणाला, “अगं, कॉलेज रोडला दवाखाना टाकायला पीएचडी कशाला लागते?” मामाचं काही चुकलं नव्हतं. दवाखान्याला नाहीच लागत. संशोधनालाही दरवेळी लागते असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे दाखवलं ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून. तेव्हा एमडी-पीएचडीसाठी संस्थांची यादी करायच्या आधी एवढं बघा, की तुमचा प्रश्न खाटेशेजारी सुटणारा आहे, की त्यापायी लॅबमध्ये चार-पाच वर्षं घालावीच लागणार आहेत. प्रश्नच नसेल आणि नुसती नावापुढची अक्षरं हवी असतील, तर मामाचं ऐका.

माझा प्रश्न मला सुरगाण्यात सापडला. धुळ्याला एमबीबीएस आणि इंटर्नशिप उरकून सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षासाठी मी सुरगाणा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथे एका घरातली दोन भावंडं यायची. दोघांनाही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, दोघांचाही रिपोर्ट एसएस, म्हणजे दोष आई आणि बाप दोघांकडूनही आलेला. धाकटी दर महिन्या-दोन महिन्यांनी हाडं दुखतात म्हणून कळवळत यायची, तिला नाशिकला सिव्हिलला पाठवावं लागायचं. थोरला फक्त तिला सोडायला यायचा. नागलीच्या शेतात दिवसभर राबणारा गडी. आपल्यालाही तोच आजार आहे हे त्याला पटतच नव्हतं. एका आईबापाची लेकरं, दोष तोच, मग हा फरक कुठून आला?

अर्धं उत्तर पुस्तकात होतं: गर्भातलं हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात जन्मानंतरही जास्त टिकतं, त्याला त्रास कमी. ते बंद कसं होतं हे शोधताना २००८ मध्ये बीसीएल११ए या जनुकाचं काम पुढे आलं. ते करणाऱ्यांमधला विजय शंकरन तेव्हा बॉस्टनला एमडी-पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याच धाग्यावरून पुढे जनुकात दुरुस्ती करणारा उपचार तयार झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूरही झाला. हे सगळं वाचलं आणि ठरवलं, आपणही तिकडेच जायचं.

इथे मी माती खाल्ली. वहीत चौदा नावं लिहिली, चौदाही अमेरिकेतली. एका सल्लागाराला पैसे मोजले, त्याने नावं क्रमवारीने लावून दिली. पाच महिने मी निबंध घासत बसले. मग एका संध्याकाळी नाशिकच्या सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात बसून प्रत्येक ठिकाणचे पात्रतेचे नियम ओळ न् ओळ वाचले. तिथला एमडी-पीएचडी म्हणजे साधी पदवी घेऊन, एमकॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा देऊन मेडिकलला नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचा मार्ग. साधारण आठ वर्षं, बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड. ज्याच्याकडे डॉक्टरकी आधीच आहे त्याच्यासाठी तो नाहीच. शिवाय एनआयएच या तिकडच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर १९६४ पासून जे एमएसटीपी नावाचे एमडी-पीएचडी कार्यक्रम चालतात, त्यांतली ती मदत नागरिकांना किंवा कायमच्या रहिवाशांनाच मिळते. काही विद्यापीठं स्वतःच्या पैशाने थोडे परदेशी विद्यार्थी घेतात, पण त्यांनाही पदवी बहुधा तिकडचीच लागते. तासाभरात चौदाही नावांवर काट मारली. सल्लागाराला हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

एमबीबीएसवाल्याला अमेरिकाच हवी असेल तर वाट निराळी आहे. नुसत्या पीएचडीला अर्ज करा, नाहीतर यूएसएमएलई ही डॉक्टरांची परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सी, म्हणजे तिकडचं पदव्युत्तर प्रशिक्षण, धरा आणि त्यातही संशोधनाचा ट्रॅक असलेली जागा शोधा. जर्मनीत हॅनोव्हर मेडिकल स्कूलचा इंग्रजीतून चालणारा तीन वर्षांचा कार्यक्रम डॉक्टरांना घेतो. मात्र तिकडची ‘डॉ. मेड.’ ही डॉक्टरांची प्रबंध-पदवी आणि पीएचडी एकच समजू नका. माझ्या एका सीनियरने समजली होती.

आपल्याकडे दोन्ही पदव्या एका दोरीत ओवलेल्या जागा मोजक्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये आठशे खाटांचं रुग्णालय आणि पदव्युत्तर वैद्यकीय शाळा जाहीर केली, तिच्या आराखड्यात एमडी-पीएचडी आहे. त्यांच्या प्रवेशाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. बाकी बहुतेकांना दोर स्वतःच वळावा लागतो. नीट-पीजी देऊन एमडी आणि मग पीएचडी, किंवा एमबीबीएसनंतर थेट पीएचडी. थेट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सीएसआयआर-नेट या संशोधन फेलोशिपच्या परीक्षेला ५५ टक्क्यांचा एमबीबीएस चालतो, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) जीवशास्त्राच्या प्रवेश परीक्षेलाही चालतो. हे कितीतरी डॉक्टरांच्या गावीच नसतं. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. तेवढ्यात तुमचा बॅचमेट गंगापूर रोडला फ्लॅट बुक करतो, तेव्हा पोटात कालवतं हे आत्ताच सांगून ठेवते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं.

माझं मत विचाराल तर आधी एमडी. पस्तिशीच्या उंबऱ्यावर पुन्हा नीट-पीजीच्या एमसीक्यूला बसणारे मी पाहिलेत, बघवत नाही. मी पॅथॉलॉजी घेतली. “पेशंट नाहीत, ही कसली ब्रँच?” असं नातेवाइकांनी ऐकवलं. माझ्या प्रश्नाला तीच बरोबर होती.

एमडीच्या तिसऱ्या वर्षी नवी यादी केली. या वेळी संस्थांची नावं आधी लिहिलीच नाहीत. सिकलसेलवर आणि हिमोग्लोबिनवर कोण काम करतं ते लिहिलं, गेल्या पाच वर्षांतले त्यांचे पेपर काढले आणि संस्था त्यांच्यामागून आल्या. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्तविकारांवरची संस्था, दिल्लीची आयजीआयबी ही जनुकांवरची, अशी. गाइडला मेल करताना त्याच्या एखाद्या पेपरमधला एक नेमका प्रश्न विचारा. मी पहिल्या उत्साहात एकच मजकूर सहा जणांना पाठवला आणि एकीला ‘डिअर सर’ लिहिलं. तिचं उत्तर अजून यायचंय.

मग प्रत्यक्ष जाऊन बघणं. हे टाळू नका. सकाळी नाशिक रोडहून पंचवटी पकडायची आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचं, असं मी चारदा केलं. एक लॅब फार नावाजलेली. सरांनी तासभर छान समजावलं. नंतर एका मुलीने उणे ऐंशीचा फ्रीझर उघडून दाखवला. खालच्या खणात बर्फाने चिकटलेले डबे, त्यांवर मार्करने लिहिलेलं साल वाचलं तर सात वर्षांपूर्वीचं. “हे कुणाचे?” “आधी एक दीदी होत्या, त्यांचे. त्या गेल्या.” कुठे गेल्या, ते तिला माहीत नव्हतं. वॉर्ड एक जिना उतरून खाली होता, पण हे नमुने ज्यांचे त्यांतला एकही पेशंट तिने पाहिला नव्हता. ते नाव खोडलं. हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

दुसरी लॅब साधी, यंत्रं जुनी. पण गुरुवारी वॉर्डातले रेसिडेंट आणि लॅबमधली पोरं एका खोलीत बसायची. एक रेसिडेंट पीएचडीच्या मुलाला म्हणाला, “ग्राफ मस्त आहे रे, पण हा पेशंट तेव्हा तापाने फणफणलेला होता, ते धरलंस का?” मुलाने धरलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्याची चंपी झाली आणि मग दोघं चहाला गेले.

गाइड समोर नसताना विद्यार्थ्यांना विचारायचं: शेवटचे चार-पाच जण किती वर्षांत सुटले आणि आता कुठे आहेत? आठवड्यातून एक दिवस ओपीडी करू देतात का? एथिक्स कमिटीचा कागद हलायला किती महिने लागतात? फेलोशिप अडकली तर गाइड निभावून नेतो का? आणि हे कॅंटीनमध्येच विचारायचं. लॅबमध्ये कुणी खरं सांगत नाही.

माझा स्वतःचा आणखी एक प्रश्न होता, तो मी प्रत्येक गाइडला विचारला: नमुने घ्यायला सुरगाण्याला जाऊ द्याल का? दोघांनी तयार नमुने भरपूर आहेत म्हणून सांगितलं. एकाने घड्याळ बघितलं. गुरुवारवाल्या मॅडमनी विचारलं, “तिथून मुंबईपर्यंत बर्फ टिकेल का?” मी अर्ज तीनच ठिकाणी केले, दोन ठिकाणी बोलावणं आलं आणि मॅडमकडे गेले.

आता दुसरं वर्ष चालू आहे. बर्फ टिकतो, थर्माकोलचा डबा नाशिकला एकदा बदलावा लागतो. धाकटी हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधावर आहे, तिचा नमुना मिळाला. थोरला अजून दंड पुढे करत नाही. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली की बघू, म्हणतो.